उताराच्या तोंडाशी बसलेला सामी

मी बागा आखतो. माझ्या कार्डावर हेच इंग्रजीत तीन ओळींत छापलेलं आहे, त्यात 'सर्वसमावेशक' आणि 'शाश्वत' हे दोन शब्द ठळक अक्षरांत आहेत. तंजावरात ते कार्ड कोणी पुरतं वाचत नाही. माझं नाव भरद्वाज, पण लोक मला 'पार्क सार' म्हणतात आणि त्यांच्या गच्चीवरची मोगऱ्याची कुंडी का सुकली ते विचारतात. शिक्षण पुण्याचं. तिथे पाच वर्षं होतो, तेव्हा वसतिगृहातली मुलं मला चहा पाजून आमचं तंजावरी मराठी बोलायला लावत आणि पोट धरून हसत. मी हे लिहितोय ते मराठी तेव्हा लाजेखातर शिकलेलं आहे. घरी अक्काशी मी अजून आमचंच बोलतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण भवानी. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही, माझंही नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोघंच राहतो. चौतीस वर्षं ती मुलींच्या शाळेत खेळाची टीचर होती. पांढरी साडी, पांढरे कॅन्व्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजली की शाळेसमोरच्या रस्त्यावर बससुद्धा थांबे, असं लोक अजून सांगतात. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. जीभ शाबूत आहे.

त्याच सुमारास आमच्या वस्तीच्या समितीने मागची अर्धा एकर पडीक जागा बाग करायला माझ्या हाती दिली. खरं सांगायचं तर दिली नाही, मी फुकट करतो म्हणून मागून घेतली. समितीचे सेक्रेटरी सूर्यनारायण हे निवृत्त स्टेशनमास्तर. अत्यंत सज्जन माणूस, फक्त त्यांना कुठलीही अडचण दिसली की ते तिथे बोर्ड लावतात.

मी सगळं शास्त्रशुद्ध केलं. तीन सभा घेतल्या, लोकांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. म्हाताऱ्यांनी चालायला वाट मागितली, मुलांनी क्रिकेट मागितलं, बायकांनी दिवे आणि आतून कडी लागेल असा संडास मागितला. मी हिरवळ लावली नाही, कारण हिरवळ पाणी पिते. पुन्नै म्हणजे उंडी, पुंगम म्हणजे करंज, ही झाडं आणि कडुलिंब लावले. पावसाचं पाणी मुरायला खड्डे खणले. अक्काला मी चिठ्ठी दिली नव्हती. तिने जेवताना आपणहून सांगितलं.

"एक रिंग कोर्ट कर. मी बाजूस बसून मुलींस शिकवतें. दुसरं कांही नको मज."

रिंग म्हणजे टेनिकॉइट. जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून रबराची कडी फेकायची आणि झेलायची. तमिळनाडूच्या शाळाशाळांतून मुली हा खेळ खेळतात, आणि अक्काच्या मुली जिल्ह्यात पहिल्या येत. मी कोर्ट केलं. कोर्टापर्यंत जायला पूर्वेच्या फाटकातून उतार केला. एकास बारा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन्ही बाजूंना कठडे, मध्ये अंधांना पायाने कळाव्यात म्हणून उठावाच्या पिवळ्या फरशा. दुसरं फाटक कालव्याच्या बाजूला आहे, तिथे पाणी अडवण्यासाठी तीन पायऱ्या ठेवाव्या लागल्या. तेव्हा चाकाच्या खुर्चीला आत यायला माझा उतार हीच एक वाट.

उतार झाल्यावर मी औषधाच्या दुकानातून एक चाकाची खुर्ची उसनी आणली आणि स्वतः तिच्यात बसून वर-खाली गेलो. त्याचे फोटो काढून घेतले. ते कोइंबतूरच्या एका परिषदेत दाखवले, टाळ्या पडल्या. घरात चाकाची खुर्ची असताना दुकानातून का आणली, असं कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता कचऱ्याचं. उताराच्या तोंडाशी, फाटकाला लागून, अख्ख्या वस्तीची कचरा टाकायची जागा होती. तिथे आता बाग आहे ही गोष्ट वस्तीला मान्य नव्हती. सूर्यनारायणांनी बोर्ड लावला. मग दुसरा बोर्ड लावला, त्यात पहिला बोर्ड वाचा असं लिहिलं. कॅमेरा लावला, तो चोरीला गेला. मी शोभेच्या कुंड्या ठेवल्या, तर लोक कचरा कुंड्यांत टाकायला लागले. निदान नीटनेटका टाकायला लागले.

शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता, आमच्या भागात सगळी दारं लावून लोक पंख्याखाली पडलेले असताना, मी बाकासाठी आणलेल्या ग्रॅनाइटचा उरलेला एक तुकडा घेतला, कोपऱ्यातल्या कडुलिंबाच्या रोपाखाली उभा पुरला, त्याला हळद फासली आणि वर कुंकवाचा टिळा लावला. डोळे काढले नाहीत, त्रिशूळ काढला नाही. मी सुशिक्षित माणूस आहे. कुठल्याही देवाचा नाही असा तो दगड मी केला होता. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं, आणि घरी येऊन आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी कचरा नव्हता. तिसऱ्या दिवशी दगडावर फुलांचा हातभर सर होता. मी कचरा कमी झाल्याचा आलेख काढला आणि 'सार्वजनिक वर्तनातील बदल' या विषयावर भाषण दिलं. त्यात हळदीचा उल्लेख नव्हता. महिन्याभरात दगडासमोर दिवा लागला, वर चार काठ्यांचं झापांचं छप्पर आलं, एक घंटा आली. तमिळ मंडळी त्याला वेशीचा राखणदार मुनीश्वरन म्हणू लागली, आमच्या गल्लीतल्या दोन मराठी घरांना ती रेणुकादेवी वाटली, आणि भांडण नको म्हणून सगळे नुसतं 'सामी', म्हणजे देव, म्हणू लागले. लोक उताराच्या पायथ्याशी चपला काढून वर जाऊ लागले. माझ्या पिवळ्या फरशांवरून अनवाणी चाललं की गुडघेदुखी बरी होते, असा शोध लागला. अंध माणूस एकही आला नाही, पण गुडघेदुखीवाले पहाटेपासून रांगेने त्या फरशांवर चालायचे.

हे सगळं मी मजेत पाहत होतो. मग एक दिवस दूधवाला स्कूटर घेऊन उतारावरून थेट सामीसमोरून वर गेला. सूर्यनारायणांनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली आणि बोर्डाचा मजकूर वाचून दाखवला. इथून पुढे पादत्राणं आणि चाकं असलेलं काहीही नेऊ नये.

"आणि चाकाची खुर्ची?" मी विचारलं.

"सार, वर्षभरात एक तरी खुर्ची आली का?" ते तमिळमध्ये म्हणाले. त्यांच्या वहीत नोंद होती, आलीच नव्हती. "आणि चाक म्हणजे काय सार? चप्पलच. रस्त्यावरून फिरतं, काय काय लागतं त्याला."

यावर लोकांनी मनापासून विचार केला, हे मला कबूल केलं पाहिजे. कोणी म्हणालं, चप्पल काढता येते, खुर्ची कशी काढणार. कोणी म्हणालं, खुर्ची फाटकाशी ठेवायची आणि माणसाला चौघांनी उचलून आत न्यायचं, त्यात पुण्यही आहे. मी त्यांना नियमावलीतलं कलम सांगितलं. 'मर्यादित हालचाल असलेले वापरकर्ते' असे शब्द वापरले. मग मी लेखी टिपण देतो म्हणालो आणि अकरा पानं इंग्रजीत लिहून दिली. सूर्यनारायणांनी ती छान फाइलला लावली. बोर्ड लागला.

घरी अक्का रोज विचारायची. "कां रे, कोर्ट झालं काय? कधी नेतोस मज?" कोर्ट होऊन वर्ष झालं होतं. माझ्याकडे मात्र दर आठवड्याला नवं तांत्रिक कारण असे. कठड्याचा रंग ओला आहे. जाळी यायची आहे. ऊन फार आहे. ऊन कमी झाल्यावर, पाऊस येईल. ती मान डोलवायची आणि उजव्या हाताने दह्यात उडदाच्या पिठाची डांगर पचडी कालवत राहायची. मुलींसाठी तिने रबराच्या सहा कड्या मागवून ठेवल्या होत्या, लाल आणि निळ्या. त्या तिच्या खाटेखाली होत्या.

बोर्डाचा फोटो तिला मी घरी विसरलेल्या फोनवर, वस्तीच्या ग्रुपमध्ये दिसला. मी घरी आलो तेव्हा कड्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती.

"चाकें नको मणे," ती म्हणाली. "बरं. ह्या त्या मुलींस देऊन टाक. इथें पडून कशाक?"

"अक्का, मी सभेत बोललों. मी टिपण दिलों..."

"दे रे. पोदुम." पुरे, म्हणाली आणि पिशवी पुढे केली. रागावली असती तर मी सांभाळून घेतलं असतं, तिच्या रागाची मला साठ वर्षं सवय आहे. ती रागावली नव्हती. तिने ते मान्य करून टाकलं होतं.

पिशवी घेऊन मी ओसरीवर येऊन बसलो, आमच्याकडे जिला तिण्णै म्हणतात त्या दारापुढच्या ओट्यावर. सगळा गोंधळ त्या दगडाने केला होता आणि दगड मी पुरला होता. तेव्हा तो मीच उपटायचा, असं ठरवलं. खरं सांगायचं, लोकांसमोर. फार तर मार बसेल. फार तर वस्ती सोडावी लागेल. त्या रात्री मी स्वतःला बराच शूर वाटलो.

रविवारी सकाळी बागेत पुंगमच्या झाडाखाली सभा होती. तीस-पस्तीस माणसं. फाटकाशी फुलं विकणारी भुवनेश्वरी, जिला सगळे भुवना म्हणतात, तीही टोपली घेऊन मागे बसली होती. मी उभा राहिलो.

"तो सामी," मी म्हणालो, "सामी नाही. तो बाकाचा दगड आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तो पुरला. हळद मी लावली. कचरा थांबावा म्हणून. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं."

मी मार खायच्या तयारीने चष्मा काढून खिशात ठेवला.

"माहीत आहे सार," भुवना म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी समोरच्या दुकानाच्या सावलीत बसले होते ना. तुम्ही लावलीत हळद. इकडे पाहिलंत, तिकडे पाहिलंत, माझ्याकडे नाही पाहिलंत. तुम्ही गेल्यावर पहिला सर मीच घातला. नुसती हळद बरी दिसत नव्हती."

मी सूर्यनारायणांकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. "ग्रॅनाइट आपल्या बाकाचंच आहे हे तर कळतंच सार," ते हळूच म्हणाले. "पॉलिश आहे त्याला."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर मी माझं गुपित उराशी बाळगून फिरत होतो आणि अख्खी वस्ती माझ्या तोंडावर ते कौतुकाने झाकून ठेवत होती.

"मग तुम्ही नमस्कार का करता?" मी जवळजवळ ओरडलो.

"कोणीतरी ठेवल्याशिवाय सामी येतो का कुठे?" भुवना म्हणाली. "तुम्ही ठेवलात, आम्ही सांभाळतो. त्यात काय झालं? पण आज का सांगताय हे?"

इथे मी पुन्हा नियमावली काढणार होतो. जिभेवर 'वापरकर्ते' आलंही होतं. पण हातात अक्काच्या कड्यांची ती पिशवी होती.

"माझी अक्का आत येऊ शकत नाही," मी म्हणालो. "ती चाकाच्या खुर्चीत आहे."

"तुमची अक्का?" सूर्यनारायण उभे राहिले. "कोण? भवानी टीचर? त्या बंगळूरला असतात ना?"

"बंगळूरला? नाही. घरी आहे. दोन वर्षं."

मागून कोणीतरी 'अय्यो' म्हणालं. मी आठवून पाहिलं. बंगळूर हा शब्द माझाच. झटका आल्यावर पहिल्या महिन्यात बाजारात कोणी विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, चुलतबहिणीकडे बंगळूरला जाईल बहुतेक. पुढे कोणी विचारलं की मी 'बरी आहे' म्हणून सटकत असे. कोणी घरी यायचं म्हणालं तर मी म्हणे, सध्या नको. म्हणजे बोर्डावर ती ओळ लिहिली गेली तेव्हा त्या खुर्चीत कोण बसतं ते तिथे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो अकरा पानं लिहीत बसला होता.

"शाळेत असताना मला त्यांनी उन्हात अर्धा तास उभं केलं होतं," भुवना म्हणाली. "रिंग डाव्या हाताने झेलली म्हणून." ती रडत होती. मग टोपली बाजूला सारून उठली. "चला. आणू या त्यांना."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, कारण लिहायला लाज वाटतेय. मला भीती वाटली. गल्लीतून अक्काला कोणी ढकलत नेताना लोक बघतील, हे मला सहन होणार नव्हतं. ती बस थांबवणारी बाई होती. तिला सहन होणार नाही असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो, पण तिला एकदाही विचारलं नव्हतं. बाग होऊ दे, उतार होऊ दे, कठडा होऊ दे. मी अर्धा एकर बाग बांधत राहिलो, ती घरापासून दोनशे पावलं तिला ढकलत न्यायचा दिवस टळावा म्हणून. मला माझ्या बहिणीची लाज वाटत होती. दुसरा शब्द मी शोधला, मिळाला नाही.

सात-आठ माणसं आमच्या दाराशी आली आणि थांबली. आमच्या तिण्णैला चार पायऱ्या आहेत. सर्वसमावेशक रचनाकाराच्या स्वतःच्या घराला चार उंच दगडी पायऱ्या, आणि उतार नाही. सगळ्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सूर्यनारायण घरी जाऊन सुताराने ठेवलेल्या दोन जाड फळ्या घेऊन आले आणि पायऱ्यांवर टाकल्या. उतार एकास तीनपेक्षाही उभा होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

अक्का दारात आली. तिने सगळ्यांना एकेक करून पाहिलं.

"बोर्ड कोणी लिहिला?" तिने तमिळमध्ये विचारलं.

सूर्यनारायणांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी बंगळुरास होतें मणे?"

तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी मान खाली घातली. "चुकलों अक्का."

"चुकलासच. अत्ता माझे बूट दे."

तिचे कॅन्व्हासचे बूट मी फडताळातून काढले. दोन वर्षांनीही पांढरे होते; मला न सांगता तिने कामवालीकडून ते दर महिन्याला खडूने पांढरे करून घेतले होते. मी ते तिच्या पायांत घातले. डाव्या पायाला वेळ लागला. मग पुढून चौघांनी खुर्ची पेलली आणि मागून मी धरली. गल्लीत दारं उघडत गेली. एक म्हातारी 'टीचर' म्हणून ओरडली. अक्का कोणाला मान हलवून, कोणाला नावाने हाक मारून, एकीला लठ्ठ झालीस म्हणून रागावून, पुढे जात राहिली. ती मजेत होती. मी मागे घामाने भिजलो होतो.

फाटकाशी भुवनाने फुलांवर शिंपडायच्या बादलीतलं पाणी आधी स्वतःच्या पायांवर घेतलं आणि मग खुर्चीच्या चारही चाकांवर ओतलं. बुटांकडे पाहून ती घुटमळली, मग त्यांच्यावरही चार थेंब टाकले. सूर्यनारायण बोर्डाकडे पाहत उभे होते. अपवाद कसा लिहावा याचा विचार त्यांच्या कपाळावर दिसत होता.

अक्काने दगडाकडे बोट केलं. "हा कोण?"

"मीच ठेवलेला."

"दिसतें तें. हळद एकसारखी लावायला तुज कधी आली?"

कोर्टावर चार मुली खेळत होत्या, वाईट खेळत होत्या. एकीचा झेल सुटला तेव्हा अक्काने इतक्या जोरात तिला हाक मारली की पिवळ्या फरशांवरचे गुडघेदुखीवाले थबकले. "मनगट! मनगट कुठे आहे तुझं? इकडे फेक, दाखवते." मुलगी घाबरली आणि तिने कडी सरळ खुर्चीकडे फेकली, जोरात. मी अक्कासमोर उडी मारली. कडी माझ्या कानावर आदळली, चष्मा पडला, मुली हसल्या.

"अक्का, लागलं असतं तुज," मी कान धरून म्हणालो.

"तूं मधून सरक, भरद्वाजा," ती म्हणाली. "दोन वर्षें मधेंच उभा आहेस."

मी सरकलो. पुढची कडी आली ती तिने उजव्या हाताने झेलली आणि परत फेकली.